उतारा काय म्हणतो आणि आपण काय वाचतो

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा निकाल लागला की आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दोन-तीन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही. यावेळी एक मुलगा पेपर एकमध्ये चांगला पुढे होता. इतिहास, राज्यघटना, भूगोल सगळे पक्के. सी-सॅटमध्ये मात्र ६६ गुणांची पायरी त्याला चढता आली नाही. उत्तरतालिका घेऊन तो आमच्यासमोर बसला आणि म्हणाला, "दादा, माझी उत्तरं चुकली. पण ती खोटी नव्हती."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. ते अगदी खरे आहे आणि त्यातच आमच्या मुलांच्या अपयशाचे एक कारण दडलेले आहे. त्याच वाक्यात चळवळीच्याही एका जुन्या सवयीचे कारण आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

आधी हिशेब पाहू. सी-सॅटचे ८० प्रश्न, २०० गुण, वेळ २ तास. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्यातच उतारा वाचायचा. एमपीएससीने २०१३ मध्ये हा पेपर आणला, तेव्हा त्याचे गुण थेट गुणवत्ता यादीत धरले जात. इंजिनिअरिंगवाले आणि इंग्रजी शाळांतले पुढे जात, आमची कला शाखेची मुले मागे राहत. २०२२ च्या परीक्षेपासून तो फक्त पात्रतेचा झाला, ३३ टक्के मिळवा आणि सुटा. आम्हीही तेव्हा आनंद केला होता. पण ३३ टक्के म्हणजे ६६ गुण, आणि प्रत्येक चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. समजा एकाचे २८ प्रश्न बरोबर आले आणि १२ चुकले. ७० मधून साडेसात वजा, उरले ६२.५०. नापास. दुसऱ्याचेही २८ च बरोबर, पण चुकले ६. ७० मधून ३.७५ वजा, ६६.२५. पास. दोघांना येत होते तेवढेच. दुसऱ्याला एवढेच जास्त कळत होते की कुठे आपल्याला उत्तर माहीत नाही. या पेपरात निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, तेव्हा हे सहा प्रश्न कुठे जातात हे वेगळे सांगायला नको.

आता त्या मुलाशी बोलताना आम्ही जागेवर रचलेला एक उतारा देतो. परीक्षेतला नाही, पण घाट तोच.

'गावात नळ योजना सुरू झाल्यापासून सार्वजनिक विहिरीवर पाण्यासाठी येणाऱ्यांची संख्या घटली. वस्तीतील घरांना मात्र नळजोडणी उशिरा मिळाली.'

यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
(१) वस्तीला जाणीवपूर्वक उशिरा नळजोडणी देण्यात आली.
(२) योजना सुरू झाली तेव्हा गावातील सर्व घरांना लगेच नळजोडणी मिळाली नव्हती.
(३) सार्वजनिक विहीर आता कोणीही वापरत नाही.
(४) सर्व घरांना एकाच वेळी नळजोडणी मिळायला हवी होती.

त्या मुलाने क्षणाचाही विचार न करता (१) वर बोट ठेवले. आमच्यातल्या आणखी चौघांनी तेच केले. उत्तर (२) आहे. ते इतके साधे, इतके बेचव आहे की आपल्याला ते उत्तर वाटतच नाही. (३) मध्ये 'घटली'चे 'संपली' झाले आहे. (४) आम्हाला शंभर टक्के मान्य आहे, पण तो आपला आग्रह झाला, उताऱ्यातून निघालेली गोष्ट नव्हे. आणि (१)? गावोगाव आम्ही हेच पाहिले आहे. पाइपलाइन पाटलाच्या वाड्यापर्यंत येते आणि वस्तीच्या तोंडाशी निधी संपतो. वस्ती कुठली हे उताऱ्याने सांगितलेले नाही, तरी आमच्या पोरांना ती कुठली हे विचारावे लागत नाही. म्हणजे (१) खोटे आहे असे नाही. उताऱ्यातल्या दोन वाक्यांवर (१) उभे राहत नाही, एवढेच.

खोटे असणे आणि आधार नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची मुले इथेच अडखळतात. सवर्ण घरातले पोरही अडखळते, पण वेगळ्या ठिकाणी. त्याच्या अनुभवात वस्तीचा उशीर हा 'तांत्रिक अडचण' असतो, त्यामुळे तसा पर्याय दिला असता तर त्याने तो टिपला असता. तोही तितकाच चूक ठरला असता. ज्याने त्याने आपापले आयुष्य उताऱ्यात ओतलेले असते. फरक एवढाच की परीक्षेतले बहुतेक उतारे ज्यांच्या आयुष्याबद्दल आणि ज्यांच्या भाषेत लिहिलेले असतात, त्यांना ओतण्यासारखे फारसे काही उरत नाही.

इथे काही कार्यकर्ते आम्हाला थांबवतील. म्हणतील, ही परीक्षाच मनुवादी आहे, तिच्यासाठी आपल्या पोरांची डोकी कशाला घासायची? या म्हणण्यात जेवढे तथ्य आहे तेवढे आधी मान्य करतो. यूपीएससीने २०११ मध्ये सी-सॅट आणला. त्याची पूर्व परीक्षा आजही फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. मुख्य परीक्षा मराठीत लिहिण्याचा हक्क असलेल्या मुलाला त्या हक्कापर्यंत पोहोचायला आधी परक्या भाषेतले उतारे पार करावे लागतात. २०१४ साली दिल्लीत हिंदी पट्ट्यातली मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा 'स्टील प्लांट'चे हिंदीत रोपटे झाल्याचे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होते. चुकीच्या भाषांतरावरून बरोबर अनुमान काढायचे, असा तो खेळ होता. त्या आंदोलनानंतर २०१५ पासून तिथे हा पेपर पात्रतेपुरता राहिला. एमपीएससीचे उतारे मराठीत असतात, पण ती मराठीही पुष्कळदा इंग्रजीवरून ओढून आणल्यासारखी असते. वाक्याच्या पोटात वाक्य, क्रियापद शेवटी कुठेतरी, आणि 'परिप्रेक्ष्य', 'अभिनिवेश', 'प्रागतिक' यांची पेरणी. ही मराठी आमच्या कुणाच्याच घरी बोलली जात नाही. खरे तर कुणाच्याच घरी बोलली जात नाही, पण काहींच्या घरात ती वर्तमानपत्रातून आणि पुस्तकातून दोन पिढ्या येत राहिली. आमच्याकडे ती नववी-दहावीत आली, आणि तीही मार खाऊन.

वाचनाच्या परीक्षेचा हत्यार म्हणून वापर झाल्याचा इतिहासही आम्हाला माहीत आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या राज्यघटनेत मतदार होण्यासाठी अट होती, की घटनेचा भाग वाचता आला पाहिजे, किंवा वाचून दाखवला तर समजला पाहिजे, त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. काळ्या प्राध्यापकाचा अर्थ चूक आणि अडाणी गोऱ्याचा अर्थ बरोबर, अशी ती तपासणी. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने तिचा कणा मोडला. अनुमानाच्या परीक्षेत अन्याय नेमका कसा घुसतो हे यातून कळते. उत्तर मजकुरातून निघत नाही, ते तपासणाऱ्याच्या मनात असते.

पण म्हणूनच आम्ही सगळ्या परीक्षेला एका फटक्यात मनुवादी म्हणून सोडून देत नाही. एमपीएससी उत्तरतालिका जाहीर करते, तिच्यावर हरकती मागवते, आणि हरकतींनंतर उत्तरे बदलल्याची, प्रश्न रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. मिसिसिपीच्या मतदाराला हे दार नव्हते. उताऱ्यावरच्या प्रश्नाला हरकत घ्यायची तर कुठल्या पुस्तकाचे पान जोडता येत नाही. उताऱ्यातलेच वाक्य दाखवून, यावरून हे निघते आणि ते निघत नाही, असे लिहावे लागते. म्हणजे परीक्षेशी भांडायलासुद्धा तीच विद्या लागते. जी विद्या आली नाही म्हणून नापास झालो, तिच्याशिवाय नापास करणाऱ्याला जाबही विचारता येत नाही. हे कडू आहे, पण असे आहे.

आणि ही विद्या आमच्यासाठी परकी आहे, हे तर आम्हाला मुळीच मान्य नाही.

९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी भारतातील जातींवर निबंध वाचतो. बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' आपण जयंतीच्या भाषणांत नावाने घेतो. आमची विनंती आहे की त्याची पहिली काही पाने परीक्षेचा उतारा म्हणून वाचा. बाबासाहेब तिथे काय करतात? ते जातीच्या चार व्याख्या समोर ठेवतात. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. चार छोटे उतारेच म्हणा ना. आणि एकेका व्याख्येला विचारतात, तू म्हणतेस त्यातून नेमके काय निघते आणि काय निघत नाही?

सेनार विटाळाला जातीचे लक्षण मानतो. बाबासाहेब म्हणतात, विटाळ हा पुरोहिती कर्मकांडातून आलेला आहे. पुरोहितांची जात सर्वांत वर असल्यामुळे तो जातीला चिकटला. सोबत आढळणे म्हणजे मूळ घटक असणे नव्हे. नेसफिल्ड म्हणतो, जातीबाहेरच्यांबरोबर न जेवणे हे जातीचे लक्षण. बाबासाहेबांचे उत्तर असे की याने परिणामालाच कारण समजले. जो गट स्वतःला कोंडून घेतो त्याचे बाहेरच्यांशी जेवणखाण आपोआप थांबते, त्याला धार्मिक बंदीचे रूप नंतर आले. आणि केतकरांची गंमत तर फार सुंदर आहे. केतकर दोन लक्षणे देतात. एक, सभासदत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरतेच असणे. दोन, जातीबाहेर लग्नाला सक्त मनाई असणे. बाबासाहेब केतकरांना मान देतात, पण म्हणतात, ही दोन लक्षणे नाहीतच, एकच आहे. बाहेर लग्न करायला बंदी केली की आत येणारे सगळे आतच जन्मलेले असणार. दुसरे मान्य केले की पहिले त्यातून निघतेच.

हेच अनुमान! बाहेरून एकही माहिती आणली नाही, आवाज चढवला नाही. केतकरांच्या वाक्यात जे होते पण केतकरांना दिसले नव्हते, ते बाहेर काढले. आणि मग त्या एका आंतरविवाहाच्या धाग्यावरून पुढे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा केला. गटातच लग्ने व्हायची तर स्त्री-पुरुषांची संख्या समान ठेवावी लागते. नवरा किंवा बायको मेली की मागे एक माणूस 'जास्तीचे' उरते, त्याचे काय करायचे या प्रश्नावर समाजाने ती क्रूर उत्तरे शोधली. जातीच्या मुळाशी स्त्रीवरचे बंधन आहे हे बाबासाहेबांनी सांगितले, असे आपण म्हणतो. ते त्यांनी घोषणा म्हणून सांगितले नव्हते. पायरी पायरीने सिद्ध केले होते.

याच निबंधावर आम्ही अभ्यासिकेत एक प्रश्न ठेवला. 'लेखकाच्या मते जातिव्यवस्था मनूने निर्माण केली.' बरोबर की चूक? बहुतेक हात 'बरोबर'साठी वर गेले. उत्तर 'चूक' आहे. त्या निबंधात बाबासाहेब स्पष्ट म्हणतात की जात मनूच्या आधीपासून होती. मनू तिचा पुरस्कर्ता होता, त्याने चालत आलेले नियम संहितेत बांधले, पण एवढी व्यवस्था एकटा माणूस कायदा करून निर्माण करू शकत नाही. मुलांमध्ये खळबळ झाली. एकाने तर रागाने विचारले, मग मनुस्मृती जाळली कशाला? हेही अनुमानच, आणि तेही चुकलेले. मनूने जात निर्माण केली नाही, यावरून मनू निर्दोष आहे असे कुठे निघते? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ग्रंथ जाळला तो त्याने ज्याला धर्म ठरवले त्याबद्दल. शोध लावणारा वेगळा आणि शिक्का मारणारा वेगळा. बाबासाहेबांना हा फरक करता येत होता. आपण बाबासाहेबांचे नाव घेऊन तो पुसतो, आणि समोरचा निबंध उघडून दाखवतो तेव्हा आपण गोरेमोरे होतो.

बुद्धाच्या परंपरेतही हे किती जुने आहे! दिग्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी अनुमानाचे शास्त्र उभे केले. धूर दिसला म्हणून विस्तव आहे असे म्हणता येते, पण विस्तव आहे म्हणून धूर असेलच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाला धूर नसतो. ज्या खुणेवरून अनुमान काढायचे तिला ते 'लिंग' म्हणत. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने एका ठिकाणी मतिमंदपणाची पाच लिंगे मोजली आहेत: वेदाला प्रमाण मानणे, जगाचा कर्ता मानणे, अंघोळीने पुण्य मिळते असे समजणे, जातीचा गर्व, आणि पाप जावे म्हणून देहाला क्लेश देणे. शब्द पाहा. शिवी देतानाही त्याने तर्कशास्त्रातलाच शब्द वापरला. ही लक्षणे दिसली की बुद्धी गेली असे अनुमान काढा, असे तो म्हणतो. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने परंपरा, ग्रंथ, गुरू यांच्यावर विसंबू नका असे सांगितले हे आपण नेहमी सांगतो. त्याच यादीत नुसत्या तर्कावर आणि नुसत्या अनुमानावरही विसंबू नका असे आहे, ते आपण सहसा सांगत नाही. परीक्षेत तेवढ्या तर्काने भागते. आयुष्यात भागत नाही, तिथे पडताळा लागतो.

कोचिंगवाले यावर उपाय सांगतात: पर्यायात 'सर्व', 'केवळ', 'कोणतेही', 'नेहमी' दिसले की काट मारा. फुकटचा सल्ला असता तरी महाग पडला असता. संविधानाचे कलम १७ घ्या. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे, असा त्याचा आशय. आता पर्याय असा: 'अस्पृश्यतेच्या सर्व प्रकारच्या आचरणाला मनाई आहे.' 'सर्व' दिसले म्हणून काट मारली की गुण गेले, कारण इथे 'कोणत्याही' हा शब्द कलमातच आहे. दुसरा पर्याय: 'अस्पृश्यता आता समाजात उरलेली नाही.' यात एकही धोक्याचा शब्द नाही, आणि तो साफ चूक आहे. कायद्याने काय असू नये ते सांगितले, काय आहे ते नाही. उलट, ज्या आचरणाला मनाई करावी लागते ते घडू शकते, हे गृहीत धरूनच मनाई केली जाते. परीक्षेत 'गृहीतक ओळखा' म्हणतात ते हेच.

हा नुसता गुणांचा प्रश्न राहतो का? 'संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, मग आता आरक्षण कशाला?' हे वाक्य तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकले असेल. तो वरचाच चुकलेला पर्याय आहे, फक्त आवाज मोठा. दुसरे वाक्य: 'बाबासाहेबांनीच आरक्षण दहा वर्षांसाठी ठेवले होते.' दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये होती, आणि ते कलम लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांबद्दल आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांचे आरक्षण १५(४) आणि १६(४) मध्ये येते, तिथे मुदत नाही. एका कलमातली मुदत उचलून दुसऱ्या कलमावर चिकटवणे, हा उताऱ्याच्या बाहेरून माहिती आणण्याचाच प्रकार. याला उत्तर देताना आपली पोरे तावातावाने पाच हजार वर्षांचा इतिहास काढतात. कलम उघडून 'हे वाक्य कुठे आहे ते दाखव' एवढे म्हटले तरी पुरते.

आणि न्यायालयात तर अनुमानावर माणसांचे मरण तोलले जाते. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हे जातीतून नव्हे, सुडातून घडले अशीच भूमिका घेतली. त्या कुटुंबातल्या बाया एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार म्हणून पुढे आल्या होत्या, त्याचा तो सूड. आम्ही कायदेपंडित नाही, पण हा उतारा आम्हालाही वाचता येतो. 'सूड होता' यावरून 'जात नव्हती' हे कसे निघते? सूड आणि जात या एकमेकींना वगळणाऱ्या गोष्टी आहेत, हे गृहीतक कुणी तपासले? साक्ष दिल्याचा राग येणे एक, आणि त्यासाठी अख्खे घर संपवण्याची हिंमत होणे दुसरे. ती हिंमत कुठून येते हा प्रश्न उताऱ्यात होता, तो सोडून दिला गेला.

२०१५ च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात एक महत्त्वाची भर पडली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत होता हे सिद्ध झाले, की त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. म्हणजे एक अनुमान कायद्यानेच आपल्या पदरात टाकले. पण त्याची पहिली पायरी, ओळख होती ही, आपल्याला कागदावर आणावी लागते. फिर्याद लिहिताना कार्यकर्ते 'आम्ही दलित आहोत म्हणून मारले' हे वाक्य चार वेळा लिहितात, आणि आरोपी शेजारच्या शेतात वीस वर्षे राबतोय, लग्नाला आला होता, ग्रामसभेत शेजारी बसला होता, हे एकदाही लिहीत नाहीत. निष्कर्ष चार वेळा, आधार शून्य वेळा. अशा फिर्यादी आम्ही स्वतः लिहून दिल्या आहेत, त्यामुळे हे कुणाला हिणवण्यासाठी म्हणत नाही.

म्हणून नळाच्या उताऱ्याकडे पुन्हा येतो. मुलाने (१) वर बोट ठेवले, तेव्हा आम्ही त्याला 'चूक' म्हणून गप्प केले नाही. विचारले, (१) बरोबर ठरण्यासाठी उताऱ्यात आणखी कोणती वाक्ये असायला हवी होती? तो बराच वेळ वहीत डोके घालून बसला. मग त्याने लिहिले: वस्तीचे अर्ज कोणत्या तारखेला आले. अनामत रक्कम कधी भरली. नंतर अर्ज केलेल्या कोणाला आधी जोडणी मिळाली का. वस्तीपेक्षा टाकीपासून लांब असलेल्या घरांना आधी पाणी मिळाले का. ग्रामसभेच्या ठरावात वस्तीचा उल्लेख होता का, आणि असेल तर निधी कुठे गेला. ही पाच वाक्ये कागदावर आली तर (१) हे मत राहत नाही, निष्कर्ष होतो. आणि ती उलट आली, लांबच्या सवर्ण घरांनाही तेवढाच उशीर झाला होता असे दिसले, तर आपल्याला आपले बोट उचलावे लागेल. त्याची तयारी हवी.

मग तो हळूच म्हणाला, "दादा, हा उतारा आमच्याच वस्तीचा आहे." आम्हाला ते माहीत होते. त्याच्याच तोंडून ऐकून तो रचला होता.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत लिहावा लागतो. तोही छोटा उताराच. पहिला मसुदा मुलाने केला तो चारशे शब्दांचा झाला, त्यात अन्याय हा शब्द सात वेळा होता आणि तारीख एकदाही नव्हती. तिसऱ्या मसुद्यात १३८ शब्द राहिले, विशेषण एकही नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज ग्रामपंचायतीत दिला, पोच घेतली. ३० दिवस येत्या गुरुवारी भरतात. उत्तर अजून आलेले नाही. पहिल्या अपिलाचा मसुदा तयार आहे, तो मुलगा येत्या रविवारी विहारात सगळ्यांसमोर वाचणार आहे. ज्यांना त्यात चुका काढायच्या आहेत त्यांनी सकाळी दहाला यावे. येताना 'कास्ट्स इन इंडिया'ची प्रत आणावी, सेनारच्या व्याख्येवर मागच्या वेळी वाद अर्धा राहिला आहे.

जय भीम.